आवाजाची डबी

किल्लारीच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढलेल्या बायकांनी तिथं गाणी रचली होती. ती गोळा करून पुस्तक काढायचं प्राध्यापक अनंतरावांनी निवृत्तीनंतर मनावर घेतलं. ते गावात जाऊन रेकॉर्डिंग करून आणायचे आणि लातूरच्या त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत बसून लुंबिनी ते ऐकून टाईप करायची. ती त्याच जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळची. तिकडची बोली तिला पाठ, म्हणून सरांनी तिला आठ महिन्यांपासून कामावर ठेवलं होतं.

कॉम्प्युटर जुना होता. हेडफोन लावला की गाण्याच्या आधी घरघर यायची, माउस हलवला की किर्र वाजायचं. सत्तरीच्या सरजाबाईच्या रेकॉर्डिंगनं तर ती टेकीला आली. त्या बाईचा आवाज खोल, निम्मे शब्द त्या घरघरीत बुडून जात.

तिचा भाऊ प्रीतम नांदेडला साऊंडचं काम करायचा. तो फोनवर म्हणाला, "रेकॉर्डिंग बरोबर हाय. गडबड तुझ्या कॉम्प्युटरच्या पोटातली. आवाज बाहेर काढून घे." आणि त्यानं काडेपेटीएवढी एक डबी, बाहेरून लावायचं साऊंड कार्ड, पाठवली. तिची वायर कॉम्प्युटरला, हेडफोन डबीला.

घरघर गेली. लुंबिनीला सरजाबाईच्या बांगड्या ऐकू आल्या, अंगणातली कोंबडी ऐकू आली. मग गाणं.

"पत्र्याच्या घराला गं, न्हाई चौकट न्हाई दार,
शेजीच्या लेकराला माझ्या पदराचा आधार."

गाणं संपल्यावर सरजाबाई चहा घेऊन आली, कप ठेवले, आणि बिस्किटं आणायला आत गेली. रेकॉर्डर चालूच राहिला होता. इथं आजवर नुसती घरघर असायची.

"पिऊ नकोस हं, सर्वेश." सरांचा दबका आवाज. सर्वेश त्यांचा पुतण्या, गाडी चालवायला बरोबर असायचा. "या लोकांच्या घरचं माझ्या घशाखाली उतरत नाही."

"मग काय करू, काका?"

"कुंडीत ओत. मीही तेच करतो. नुसतं हसायचं."

चहा मातीवर पडल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा एकदा. पावलं जवळ आली तसे सर मोठ्यानं म्हणाले, "वा, सरजाबाई! असा चहा लातुरात मिळत नाही."

लुंबिनीनं हेडफोन काढला. तिच्या तोंडात कडू पाणी आलं. टेबलावर तिचा फुलांचा मग होता. सौदामिनीबाईंनी, सरांच्या बायकोनं, पहिल्याच दिवशी "हा तुझा हं" म्हणून दिलेला. तिला तो लाड वाटला होता. तो मग स्वयंपाकघरात कधीच जात नसे, बाहेरच्या नळाखाली धुऊन खिडकीत पालथा घातला जाई, हे तिला आता आठवलं. ती मोरीशी जाऊन ओकली.

दुसऱ्या दिवशी ती बसनं किल्लारीला गेली. कसं सांगावं ते तिला वाटेत सुचलं नाही. पण तिनं चहाचं नाव काढताच सरजाबाई म्हणाली, "ठावं हाय मला. कुंडीला मुंग्या लागल्या तवाच कळलं."

"मग पुढच्या खेपेला गायलात कशाला, आज्जी?"

"शेडात माझ्यासंगं गाणाऱ्या चौघी गेल्या. गाणी कुटंतरी ऱ्हावीत वाटलं." तिनं लुंबिनीपुढं पाण्याचा तांब्या ठेवला. "पर तू सोताच्या कानानं ऐकलंस म्हणून सांगते, गाणी तुझ्यापाशी ऱ्हाऊ देत. आता त्याच्या पुस्तकात नगं. तसं कागदावर लिहून घे, मी सही करते."

लुंबिनीनं तो कागद आणि टाईप केलेलं पान सरांपुढं ठेवलं. पानावर गाण्याखाली चहाचं सगळं बोलणं शब्दशः होतं. वाचता वाचता सरांचे कान लाल झाले.

"अगं, मला शुगर आहे. गोड चहा चालत नाही मला."

समोर पेढ्यांचा डबा उघडा होता, एक अर्धा पेढा सरांच्या बोटांत होता. लुंबिनी त्या बोटांकडं बघत राहिली.

"बाईची गाणी काढून टाका, सर. आणि उद्यापासून मी येणार न्हाई."

"तुला घरात बसवलं मी," सर म्हणाले. "मुलीसारखं."

ती फुलांचा मग टेबलावरच ठेवून निघाली.

पुस्तक आलं, सरजाबाईची गाणी त्यात नव्हती. ती गाणी लुंबिनी रविवारी किल्लारीला जाऊन वहीत उतरवून घेऊ लागली. एकदा ती गंजगोलाईच्या बाजारात भाजी घेत असताना अनंतराव समोर आले, हात जोडून गोड हसले आणि "कशी आहेस, बेटा?" म्हणाले. हातातली मेथी तशीच ठेवून ती पलीकडच्या बोळात शिरली.