गळत्या पाकळ्यांची फळी

मित्रांनो, मी रानचेरीच्या लाकडाची एक जुनी फळी आहे. चित्रं छापण्यासाठी जपानमधल्या एदो शहरात मला तासलं, घोटलं आणि कोरीव काम करणाऱ्या गेन्शिचीच्या पुढ्यात ठेवलं.

त्या वसंतात शहरभर गोवराची साथ होती. गेन्शिचीची बायको त्यातच गेली होती, आणि आता नऊ वर्षांची लेक नुई अंथरुणाला खिळली होती.

चित्रांचा दुकानदार किहेई रोज दारात येई. "गेन्शिची, आटप रे! बहर आठ दिवसांचा. फुलं झडल्यावर फुलांचं चित्र घेणार कोण?"

"पोरगी तापाने फणफणलीय, मालक."

"मग तिच्या उशाशी बसून कोर. नाही कोण म्हणतंय?"

तो तिच्या उशाशी बसला. कोरण्यासाठी माझ्यावर चिकटवलेल्या कागदावरच्या चित्रात एक बाई चेरीखाली उभी होती आणि तिच्याभोवती पाकळ्या गळत होत्या. नुई पडल्या पडल्या बघायची.

"बाबा, या पाकळ्या खाली कधी पोचणार?"

"चित्रातल्या ना? कधीच नाही."

"बरं झालं बाई!"

केसांच्या रेघा सर्वांत अवघड. बारीक रेघ उभी ठेवून बाजूचं लाकूड काढायचं. श्वास चुकला तरी तुटते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची सुरी तिथेच चालली होती, तेव्हा नुईने हाक मारली, "बाबा, पाणी."

"आणतो हं. एवढी बट होऊ दे."

बट झाली. वाटी घेऊन तो वळला, तेव्हा नुईचे ओठ उघडेच होते. पाणी गालावरून ओघळून गेलं.

तिला पोचवून आल्यावर त्याने उरलेलं काम पुरं केलं. चित्र हातोहात खपलं. लोक म्हणत, "गळतं फूलच खरं सुंदर! आणि केस बघा, जिवंत वाटतात." तेव्हा मीही फुशारले, कबूल करते.

पुढच्या वर्षी झिजलेल्या रेघा दुरुस्त करायला किहेईने मला परत आणलं. गेन्शिचीने केसांवरून बोट फिरवलं आणि रंधा उचलला.

"अरे, वेड लागलं का? सोन्यासारखी फळी!"

"हिच्या एका बटेपायी माझी पोर तहानलेली गेली," एवढंच तो म्हणाला. चेहरा, केस, फुलं, सगळं ढलप्या होऊन पायाशी पडलं. त्यानंतर त्याने सुरी हातात धरली नाही.

आता मी कोरी आहे. त्याच्या खारवलेल्या मुळ्यांच्या पिंपावर झाकण म्हणून पडून असते. माझी कीव नको. तुमच्याही हातात कधी नाजूक, सुंदर, घाईचं काम असेल. घरातून कोणी पाणी मागितलं, तर रेघ तुटू द्या. आधी उठा.