धूरपट्टी

“पट्टी भरलीय की आपण. मग आई आजून कशाला खोकती?” आमचे हे माझ्या कानाशी पुटपुटले. जणू सासूबाईंनी पावती बघूनच खोकायला हवं होतं!

दौंडच्या कडेला आमचं गुऱ्हाळ. अशी आणखी सात. चुलवाणात उसाची चिपाडं घालायची, पण ती पुरत नाहीत. पुण्याहून जुनी टायरं येतात, स्वस्तात ढणढण पेटतात. काळा धूर सगळ्या आळीवर. म्हणून दोन हजार तीन साली गुऱ्हाळवाल्यांच्या बैठकीत ठरलं, टायर जाळेल त्यानं त्या दिवसाची धूरपट्टी भरायची.

पहिले आठ दिवस सगळे लाजले. टायराला कुणी हात लावेना. सकाळी काकवीचा वास यायचा, दुपारच्या उन्हात लांब रेल्वेचे रूळ पाण्यासारखे हलायचे, आणि त्या पाण्यावरून मालगाडी पोहत जायची. सासूबाई ओट्यावर बसून बघत राहायच्या. “एवढं लांबचं कवा दिसलंच न्हाई गं मला,” म्हणायच्या. त्या आठ दिवसांत त्या खोकल्या नाहीत.

मग कळलं, पट्टी काही जड नाही. लोक महिन्याची एकदम भरू लागले. त्या पैशातून आळीत दिवे लागले. नुसती चिपाडं जाळणाऱ्याला बैठकीतला संपत विचारायचा, “का रं, दिवं घालवतो का आळीचं?”

वर्ष गेलं. आज सासूबाईंना केंदूरला, लेकीकडं न्यायला जीप आली. हवापालट म्हणे. अंगणात धूर उतरला होता, त्यात जीप ढगात उभी असल्यासारखी. सासूबाई तिच्यात बसल्या, पदर नाकाला लावून.

“औंदा थंडी लई हाय, मावशी,” संपत म्हणाला.

“वयबी झालं,” मीही म्हणाले. देवा, मीसुद्धा.

“हनुमंता, परत कवा आणशील?” सासूबाईंनी ह्यांना विचारलं.

“थंडी सरली की, आये.”

“चैतातबी खोकतच व्हते की मी.”

 ड्रायव्हरनं गाडी चालू केली. ह्यांनी हात करून बंद करायला लावली, आणि हे आईच्या पायाशी, जीपच्या पायरीवर बसले.

“थंडीनं न्हाई, आये. आपल्या टायरानं. बैठकीत पट्टी कमी ठिवायला मीच लावली, टायर परवडत ऱ्हावं म्हणून.”