कॅप्सूलमधली साखर

"ताई, दम्याच्या कॅप्सूलमधी साखर भरून कंपन्या लोकांला फसवत्यात का?"

हे मी विचारलं. मी! जी हजेरीलासुद्धा इतक्या हळू 'हजर' म्हणायची की सर गैरहजेरी मांडून मोकळे. पण माझ्या बाकावरच्या पेमानं मधल्या सुट्टीत पैज लावली होती, "विचारलंस तर बोरकुटाची पुडी माझ्याकडून. विचारणार न्हाई तू, मला म्हाईत हाय." बोरकूट तर निमित्त. प्रश्न माझ्या घरातलाच होता.

माझे बाबा जवळा बाजारच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. कापसाच्या दिवसांत तिथं हवेत नुसता तंतू उडतो, आणि संध्याकाळी बाबांच्या छातीत शिटी वाजते. वसमतच्या डॉक्टरांनी त्यांना कॅप्सूल दिल्या आणि त्यातली पावडर तोंडानं ओढायचं छोटं प्लास्टिकचं मशीन. बाबांनी ओढून पाहिलं. "जिभीला लागंना, घशाला लागंना. रिकामंच हाय हे." मग मायनं तिच्या हिशोबानं उपाय काढला. आमच्याकडे पावडरीचं औषध म्हणजे मधात कालवून चाटायचं, माझं सगळं लहानपण तसंच गेलं. माय रोज कॅप्सूल फोडायची, मधात कालवायची, बाबा चाटायचे. फरक पडेना. परवा तिनं पावडर नुसती बोटावर घेऊन चाखली आणि कपाळाला हात लावला. "अहो, साखर हाय ही!"

बाबांनी तिथंच औषध बंद केलं. "साखरच खायची तर चहात खातो की!" स्वतःच हसले, आणि हसता हसता असा खोकला आला की भिंत धरून खाली बसले. मला काही हसू आलं नाही.

आणि आज सत्यशीलाताई शाळेत आल्या. आमच्याच शाळेत शिकलेल्या, आता औरंगाबादला औषधाच्या कारखान्यात पावडरीच्या खात्यात. दहावीच्या मुलांशी बोलायला त्यांना बोलावलं होतं.

माझा प्रश्न ऐकून हेडसर ओरडले, "ऐश्वर्या, खाली बस!"

"राहू द्या सर," ताई म्हणाल्या. "साखर असतेच त्यात."

सगळा वर्ग "ऑऽऽ" झाला.

"दुधातली साखर. खरं औषध एवढंसं असतं, आणि इतकं बारीक करतात की ते आपसातच चिकटून गोळे धरतं. म्हणून आम्ही ते साखरेच्या जाड कणांवर बसवतो. दोन्ही सावकाश एकत्र फिरवायचं. तुम्ही जोरात ओढलं की बारीक औषध सुटून छातीत जातं आणि साखर तोंडात, घशात राहते. औषध जाड ठेवलं तर तेही घशातच अडकेल."

"आणि मधात कालवून चाटलं तर?"

पोरं खिदळली. ताई हसल्या नाहीत. "पोटात जाईल. छातीत कसं जाणार? कोण चाटतंय?"

"माझे बाबा."

तास संपल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात थांबवलं आणि पेनाचं टोपण मशीनसारखं धरून सगळं करून दाखवलं. आधी कॅप्सूल मशीनमध्ये बसवून कळ दाबायची, म्हणजे तिला भोक पडतं. मग आतला श्वास सोडायचा. मशीन ओठांत घट्ट धरायचं. एकदम जोरात ओढायचं, मग श्वास थोडा रोखायचा. नंतर चूळ भरायची. मी इतक्या वेळा करून पाहिलं की पेमा म्हणाली, "आता हिलाच दमा लागतो बघ!"

घरी आले तर बाबा बाजेवर वाकून बसलेले. मी सगळं एका दमात सांगितलं. मायचा चेहरा उतरला. "म्हंजी मीच चुकले? एवढं औषध मी..."

"माय, तू चाखलं म्हणून तर मी विचारलं!"

बाबा बाजेवर सरळ झाले. मग म्हणाले, "सरकीवानी की हे."

"काय?"

"सरकीला कापूस चिकटलेला असतो. जिनमधी वढ बसली की कापूस इकडं, सरकी तिकडं. वढ ढिली पडली तर कापूस सरकीलाच ऱ्हातो. अन् मी तर चहा भुरकल्यावानी वढत व्हतो!"

मला ताईंकडून समजायला अर्धा तास लागला होता, आणि बाबांनी जिनिंगमध्येच बसवून टाकलं!

मायनं फडताळातून मशीन काढलं, पदरानं पुसलं. कॅप्सूल पाण्याच्या माठाशेजारी होत्या. ओल लागली की पावडर गोळा होते, असं ताई म्हणाल्याचं मी सांगताच तिनं पाकीट उचलून वरच्या कोरड्या फळीवर नेलं. बाबांनी कॅप्सूल बसवून कळ दाबली, श्वास सोडला, मशीन ओठांत धरलं आणि ओढलं. आत कॅप्सूल खडखडली.

"काहीच लागलं न्हाई."

"लागायचंच न्हाई, बाबा!" मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की शेजारच्या चंद्रभागाकाकू दारात येऊन गेल्या.

आम्ही दोघी बाबांच्या छातीकडं बघत बसलो. शिटी एकदम गेली नाही. बारीक होत गेली. जेवताना बाबा घासाघासाला दम घ्यायला थांबले नाहीत, आणि माय त्यांच्याकडं बघत स्वतः जेवायचंच विसरली.

"आजवर छातीत नुसता कापूसच जात व्हता," बाबा म्हणाले. "आता उद्या कामावर जाताना हे खिशात."

माय कौतुकानं म्हणाली, "आपली पोरगी काय समजावून सांगती! बारावी झाली की डी.एड.ला गेली म्हंजी लेकरांला लई भारी शिकवीन."

मी ताटावरून उठले. वर्गात उभी राहिले होते तशीच.

"मी डी.एड. करणार न्हाई. अकरावीला सायन्स घेणार, हिंगोलीला. औषधाची पावडर करायला शिकणार. अन् माझ्या प्रत्येक डब्यात चित्र असणार, कशी ओढायची त्याचं. त्याच्या शेजारी मधाची बाटली, अन् तिच्यावर ही एवढी मोठी फुली!"