आधी कोणी रडायचं

शाळेचा प्रवेश अर्ज भरताना फ्रेमवाल्याने एक रकाना जरा जास्तच जोर लावून भरला होता. 'अडचणीच्या वेळी प्रथम कोणास कळवावे' असं तिथे छापलेलं होतं. त्याने स्वतःचा फोन नंबर लिहिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि कारकूनबाईंना तोंडीही बजावलं, "मलाच फोन करा हं. हिची आई क्रेन चालवते. एकदा का ती वर चढली की तिचा फोन खाली कपाटात. माझं दुकान मात्र तुमच्या फाटकापासून दोनशे पावलांवर आहे." पावलं त्याने खरोखरच मोजली होती. फोटोंना फ्रेमा करायचं आपलं दुकान त्याने मुळी इथे हलवलंच होतं शाळेसाठी.

तसा बाप म्हणून तो कुठे कमी पडत नव्हता. सात वर्षांच्या भिंगरीची वेणी तोच घालायचा, नखं तोच कापायचा, डबा तोच भरायचा. तिच्या डोक्यात उवा झाल्या तेव्हा दुकानातला मोठा दिवा घेऊन लागोपाठ दोन रविवार तो शिकारीला बसला होता. वर्गातल्या पालकांच्या ग्रुपचं नाव 'आईमंडळ', आणि त्यात हा एकटाच पुरुष. नाव बदला म्हणून त्याने एकदा सुचवून पाहिलं. रीतसर मतदान झालं आणि हा एकवीस विरुद्ध एक असा सपशेल आपटला. पण उद्या चित्रकलेची वही न्यायची की भूगोलाची, हे सगळं मंडळ त्यालाच विचारायचं, आणि तेवढ्यावर स्वारी खूश असायची.

त्याच्या स्वतःच्या वडिलांची गोष्ट निराळी होती. लहानपणी याचा हात मोडला, ते वडिलांना तिसऱ्या दिवशी कळलं, तेही हा दारात अंग चोरून उभा का राहतो म्हणून ओरडायला गेले तेव्हा. तसे ते वाईट नव्हते. पोरांचं खातं बायकोकडे, एवढीच त्यांची समजूत. आपण तसं व्हायचं नाही, हे फ्रेमवाल्याने भिंगरी जन्मली त्याच दिवशी ठरवून टाकलं. काही दुखलंखुपलं की तिने आपल्यालाच हाक मारावी, ही एकच त्याची हाव होती.

फक्त एक भानगड होती. गडी भलताच हळवा. काच कापताना स्वतःचं बोट कापलं तर चिंधी गुंडाळून शीळ घालत पुढचं काम करायचा, पण लेकीला नुसतं खरचटलं की याच्या डोळ्यांना धार. लस टोचताना डॉक्टरांनी भिंगरीच्या आधी त्यालाच खुर्ची दिली होती. यात लाजण्यासारखं काही आहे असं त्याला अजिबात वाटत नसे. उलट, आपल्या वडिलांच्या डोळ्यांत उभ्या जन्मात कधी पाणी आलं नाही आणि आपल्या येतं, म्हणजे आपण सुधारलो, असंच तो धरून चालला होता.

एका मंगळवारी दुपारी तो कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोला सोनेरी पट्टी बसवत असताना बायकोचा फोन आला.

"शाळेतून मला सात वेळा फोन येऊन गेलाय. मी आत्ता जेवायला खाली उतरले. भिंगरीला काय झालंय?"

"मला कुठे कोणी काय कळवलंय?" तो म्हणाला, आणि गळ्यातली मापाची टेप तशीच ठेवून धावत सुटला.

शाळेच्या ऑफिसात भिंगरी बाकावर बसली होती. ओठ सुजलेला, हनुवटीवर कापूस. घसरगुंडीवरून तोंडावर पडून तिला तास होऊन गेला होता. लेकीला बघितलं मात्र आणि फ्रेमवाल्याचं अवसानच गळालं. "अगं माझ्या राणी, किती लागलं गं," म्हणत तो असा रडला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. भिंगरी बाकावरून उतरली आणि त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाली, "काही नाही झालं, बाबा. बघ, दुखतसुद्धा नाही." कारकूनबाईंनी पाण्याचा पेला आणून पुढे केला, तो त्याच्याच पुढे.

पाणी प्यायल्यावर त्याला राग आठवला. "बाई, त्या अर्जावर पहिला नंबर कोणाचा आहे? दोन रेघा ओढल्यात मी! ती बिचारी तिकडे आभाळात, मी इथे हाकेच्या अंतरावर, आणि तुम्ही सात वेळा तिलाच फोन करता?"

बाईंनी एकदा भिंगरीकडे बघितलं आणि रिकामा पेला उचलून नेला.

पुढचे दोन दिवस त्याची तळपायाची आग मस्तकात जात होती. बायको म्हणाली, "आधी विचार तरी त्यांना, असं का केलं म्हणून." पण हा ऐकतोय कसला! त्याने मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज खरडला. त्यात 'भेदभाव' हा शब्द सहा वेळा आला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो त्याने कारकूनबाईंच्या टेबलावर आपटला.

बाईंनी अर्ज सावकाश वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "बसा. भिंगरीने सांगू नका म्हटलं होतं, पण तुम्ही हे वरपर्यंत नेणार, म्हणून सांगते. बाबांना फोन करू नका असं तीच म्हणते. यंदाची ही तिसरी वेळ. आधी दोनदा थोडक्यात होतं, म्हणून मी घरी कोणालाच कळवलं नाही."

"तिसरी?" त्याला तर ही एकच माहीत होती.

"ती म्हणते, बाबा आले की ते रडतात. मग मला त्यांची समजूत काढावी लागते. आणि मग माझं रडायचं राहूनच जातं."

फ्रेमवाल्याने टेबलावरचा अर्ज जवळ ओढला. मग जरा कुरकुरत म्हणाला, "म्हणजे पुरुषाने रडू नये, असंच ना तुमचं म्हणणं?"

"छे हो! माझ्या नवऱ्याने एकदा तरी रडून दाखवावं म्हणून मी तीस वर्षं वाट बघतेय. तुम्ही खुशाल रडा. पण लागलेलं तिला असतं ना?"

त्याने अर्ज परत खिशात घातला. दुकानापर्यंतची दोनशे पावलं त्या दिवशी संपता संपेनात. त्याला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचीही लाज वाटली, कारण पुन्हा आपण आपलंच घेऊन बसलो होतो. वेणी, डबा, नखं सगळं आनंदाने आपल्याकडे ओढून घेता घेता त्याने पोरीचं रडणंही ओढून घेतलं होतं.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली आणि मग त्याला खेटून बसली. "मी काय करते सांगू? तिचं सगळं ऐकून घेते, हो हो म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी वर चढले की रडते. तिथे कोण येतंय बघायला?"

"मला कधी बोलली नाहीस ते!"

"तू रडला असतास म्हणून."

भिंगरीशी तो यातलं काहीच बोलला नाही. बोललो असतो तर तिनेच आपल्याला समजावलं असतं, एवढं त्याला आता कळत होतं.

तीन आठवड्यांनी खरी परीक्षा आली, आणि तीही त्याने स्वतःच ओढवून घेतलेली. शाळेच्या प्रदर्शनासाठी भिंगरीने आइस्क्रीमच्या काड्यांची क्रेन केली होती, आईच्या क्रेनसारखी हुबेहूब, चालकाच्या वरच्या खोलीपर्यंत दोऱ्याची शिडी असलेली. याला हौस की तिच्यासाठी गुपचूप काचेची पेटी करावी. दुकानात पेटी बसवताना काच हातातून निसटली आणि क्रेनचा लांब हात मधोमध मोडला. वर मान केली तर दारात दप्तर घेऊन भिंगरी उभी.

 एरवी तो कपाळाला हात लावून रडत खाली बसला असता. या वेळी त्याने दात घट्ट आवळले आणि म्हणाला, "माझ्या हातून मोडली. चूक माझी आहे."

 भिंगरीने सवयीने त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. तिचा हात त्याच्या पाठीकडे निघालाही होता. डोळे कोरडे दिसले तशी ती थांबली, आणि मग जी फुटली!

"तू कशाला हात लावलास? मी सांगितलं होतं तुला? सगळं तुलाच करायचं असतं! माझी होती ती, माझी!" तिने दप्तर फेकलं, जमिनीवरच्या लाकडाच्या भुशात बसकण मारली आणि भोकाड पसरलं. एक गिऱ्हाईक फ्रेम न्यायला आलं, त्याला याने हातानेच 'उद्या या' अशी खूण केली. मध्येच कधीतरी तो तिच्या शेजारी भुशातच बसला. समजावलं नाही, नवी करून देतो म्हणाला नाही. त्याच्या आयुष्यातला तो सर्वांत लांब अर्धा तास होता. मग ती म्हणाली, "भूक लागली," आणि पाच बिस्किटं खाल्ल्यावर विचारलं, "गोंद कुठाय?"

प्रदर्शन होऊन महिना झाला असेल. एका सकाळी त्याचा फोन वाजला. कारकूनबाई होत्या.

"या जरा. भिंगरीच्या बोटांवर दार आलंय. हाड शाबूत आहे, नर्सने बघितलं. तुम्हालाच बोलवा म्हणतेय."

"मला? नक्की मलाच म्हणाली?"

"तुम्हालाच. आधी मी आईचा नंबर लावत होते, तर माझ्यावरच डाफरली."

तो धावला नाही. हात पुसले, दुकान ओढून घेतलं आणि चालत गेला, कारण धापा टाकत गेलं की आपलं पुढचं सगळं बिघडतं हे त्याला ठाऊक झालं होतं. ऑफिसात भिंगरी ताठ बसली होती, ओठ मिटलेले, बोटांना ओला रुमाल गुंडाळलेला.

"इतकं लागलंय, पण हूं की चूं नाही पोरीचं," बाई हलकेच म्हणाल्या.

त्याला बघताच भिंगरीचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तिने जो गळा काढला तो थेट त्याच्या कुशीत शिरूनच. "दुखतंय, बाबा, खूप दुखतंय!"

"हो गं. दुखतच असणार," तो म्हणाला आणि तिला धरून बसला. त्याचा शर्ट भिजला. मधली सुट्टी झाली, व्हरांड्यात पोरांचा गलका झाला, पुन्हा घंटा होऊन सगळं शांत झालं, तरी तिचं चाललंच होतं. त्याने समोरच्या भिंतीवरचा नकाशा पाठ केला. डोळे आवरताना त्याच्या नाकाचा शेंडा लालबुंद झाला होता, पण सुख असं वाटत होतं की कुणाला सांगायची सोय नाही.

शेवटी हुंदके थांबले. भिंगरीने त्याच्या बाहीला नाक पुसलं, मान वर करून त्याचा चेहरा जवळून निरखला आणि बाकावर सरकून त्याला जागा करून दिली.

"माझं झालं," ती म्हणाली. "आता तू रड. मी बसते इथे."