बेगायिमने फेकलेल्या चिंध्यांची गोधडी

मी एक गोधडी बोलतेय. बसा ना, अशा अंग चोरून उभ्या राहू नका. फक्त मधल्या पांढऱ्या तुकड्यावर बसू नका. ती जागा बेगायिमची आहे.

आमच्या काराकोल शहरात, बाजारामागच्या गल्लीत बेगायिमचं दुकान आहे. ती लोकांची घरं सजवते. पडदे, उशा, खुर्च्यांची कव्हरं, जे सांगाल ते. हात चांगला, पण डोक्यात एक खूळ. कापडावरचं मोठं फूल प्रत्येक पडद्याच्या अगदी मधोमध आलं पाहिजे. ते साधायला ती हात हात कापड कापून बाजूला टाकायची. कुणी हटकलंच तर म्हणायची, "चिंध्यांचा संसार गरिबांनी करावा. माझ्या गिऱ्हाइकांना नवं लागतं."

त्या चिंध्या म्हणजे मी. मखमल, सॅटिन, जरीचं अस्तर, सगळं एका पोत्यात कोंबलेलं. माझ्या सख्ख्या बहिणी खिडक्यांत लटकून रस्त्यावरची मजा बघत होत्या, आणि आमच्या नशिबी बेगायिमच्या न्हाणीघराची भट्टी. माझ्याआधी कितीतरी पोती तिथं जळाली. मखमल जळताना कसा वास येतो ते तुम्हाला ठाऊक नसेल. मला आहे. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की हिचं उट्टं काढल्याशिवाय राहायचं नाही.

माझं पोतं भट्टीजवळ आलं त्या दिवशी झुराकान अंघोळीला आली होती. बेगायिमची थोरली जाऊ. जिभेला अशी धार की कात्रीनं लाजावं. भट्टी पेटवायला म्हणून तिनं पोत्यात हात घातला आणि पांढऱ्या कापडाची एक पट्टी बाहेर ओढली. पट्टीवर काळं तेल.

ती पट्टी साधी नव्हती. त्या दोघींची सासू नव्वदी ओलांडून वारली, त्या दिवशीची ती. इकडे असं पिकलं पान गळलं की कापड फाडून त्याचे तुकडे बायकांना वाटतात. तुकडा घरी नेला की त्या माणसाचं थोडं आयुष्यही घरात येतं म्हणतात. पुढं तो लेकीसुनांच्या गोधडीत जातो.

"बेगायिम, हे काय गं?"

"काय जाऊबाई, चिंधीच ना? मशीन पुसायला हाताला आली."

"सासूबाईंनी तुझी सगळी बाळंतपणं काढली!"

"मग काय काच लावून भिंतीवर टांगू?"

झुराकान गप्प बसली. ती भांडली तर काळजी नसते, गप्प बसली की धडगत नसते. अंघोळ न करताच तिनं पोतं पाठीवर टाकलं आणि घरी गेली.

तो अख्खा हिवाळा मी तिच्या मांडीवर वाढले. तिनं त्रिकोण कापले, बोटाएवढीसुद्धा चिंधी टाकली नाही. शेजारणी यायच्या, तळलेले बोर्सोक खात चार टाके घालायच्या आणि प्रत्येक टाक्याला, मी जिच्या घरी जाईन त्या नवरीसाठी एक आशीर्वाद पुटपुटायच्या. झुराकान प्रत्येक टाक्याला जावेला एक शिवी द्यायची. म्हणून मी अशी, ऊबदारही आणि खुनशीही. ती तेलकट पट्टी तिनं बरोबर मधोमध लावली. फूल मधोमध लागतं ना हिला, घे म्हणावं.

वसंतात बेगायिमच्या लेकीचं, मीरिमचं लग्न निघालं. नवरीच्या रुखवतात बायकांनी मिळून शिवलेली एक गोधडी असावीच लागते. तिला इकडे कुराक म्हणतात. ती नसली तर पोरीच्या पाठीशी कुणी नाही असा अर्थ होतो. पण चिंध्यांना हात लावील तर ती बेगायिम कसली? तिनं राजधानीतून, बिश्केकहून ठिगळं छापलेलं कापड आणलं. छापील ठिगळं! अख्खं एकच कापड, वर चित्र चिंध्यांचं. त्याला झालर लावून थाटात रुखवतात ठेवलं.

नवऱ्याच्या घरी रुखवत उघडलं. रीतीप्रमाणे मीरिम पडद्याआड बसली होती. नवऱ्याच्या आजीला नीट दिसत नाही, तिनं गोधडीवरून बोट फिरवलं. परत फिरवलं.

"शिवण कुठंय गं?"

"आजी, हल्ली अशीच फॅशन आहे," बेगायिम म्हणाली.

"फॅशन? पोरीसाठी सुई घेऊन बसायला गावात एक बाई मिळाली नाही? का विहीणबाई, लेकीला रागानं घालवलीत की काय?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पडद्याआडून हुंदका ऐकू आला. झुराकाननं मला गाठोड्यात बांधून आणलं होतं, पण ती निवांत चहा पीत राहिली. खरं सांगते, मला वाटलं, बाई, अजून एक कप घे.

पण पोर रडायची थांबेना. मग झुराकाननं मला अंथरलं.

काराकोलहून आलेल्या बायका पुढे सरसावल्या. "अगं, हा तर माझ्या बैठकीतला पडदा!" "आणि हा माझा! बेगायिम, तू तर म्हणालीस उशीपुरतंही कापड उरलं नाही!" असा हशा पिकला की बेगायिमला तोंड लपवायला डोक्यावरचा रुमाल पुरेना.

आजीचं बोट शिवणीशिवणीवरून फिरत पांढऱ्या पट्टीवर थांबलं. तिनं ते नाकाशी नेलं. "याला तेलाचा वास कसा?"

"ते पोरीच्या आईला विचारा," झुराकान म्हणाली.

बेगायिम खाली मान घालून म्हणाली, "सासूबाईंच्या मातीच्या दिवशीचा तुकडा आहे. मी त्यानं मशीन पुसली."

जळालेल्या माझ्या साऱ्या जणींच्या नावानं मी ते वाक्य ऐकलं. फार गोड लागलं.

तेवढ्यात पडद्याखालून मीरिमचा हात बाहेर आला. "द्या ती इकडं. ती माझी आहे." आणि तिनं मला आत ओढून घेतलं.

तिच्या आसवांनी माझा राग विझला असेल असं वाटतं? छे! आता मी मीरिमच्या घरी गाद्यांच्या चळतीत सगळ्यात वर असते. आई आली की ती मानाच्या जागी मलाच अंथरते आणि म्हणते, "मध्ये बस ना, आई." बेगायिम बसते. ती आता काही जाळत नाही म्हणे. फूल जरा बाजूला गेलं तरी चालवून घेते, आणि उरलेलं पोतं स्वतः झुराकानच्या दारात नेऊन ठेवते. परवा सुईदोरा घेऊन आली होती, डागावर नवं ठिगळ लावायला. मीरिमनं हात धरला. "राहू दे, आई."

बायांनो, तुमच्याही घरात असं पोतं असेल तर आजच उघडा. आम्ही चिंध्या काही विसरत नाही.

मीरिमला दिवस गेलेत. बाळ माझ्यावरच निजेल. बेगायिम नातवंडाला उचलायला वाकेल, तेव्हा तो डाग तिच्या डोळ्यांसमोर असेल. मला घाई नाही. झुराकाननं मला दुहेरी शिवण घातलीय.