सत्ताविसाव्या मजल्यावरची अंघोळ

तो फ्लॅट विकता विकता चावीताईंच्या नाकी नऊ आले होते. घरं विकून देण्याच्या धंद्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. पर्समध्ये सदा चाव्यांचा जुडगा खुळखुळायचा, म्हणून ऑफिसात हे नाव पडलं, आणि आता तर नवराही घरी त्याच नावानं हाक मारायचा. गळकी घरं त्यांनी विकली होती, अंधारी विकली होती, एक तर असं विकलं होतं की ज्याच्या स्वयंपाकघरात उभं राहिलं तर शेजाऱ्याच्या टीव्हीवरच्या बातम्या शब्दन्‌शब्द ऐकू यायच्या. आणि सत्ताविसाव्या मजल्यावरचा हा फ्लॅट, ज्याला नाव ठेवायला जागा नव्हती, तो मात्र जागचा हलायला तयार नव्हता.

मालक दातांचे डॉक्टर होते. जुना फ्लॅट घेऊन त्यांनी भिंती पाडल्या, फरशी उखडली, नळापासून छतापर्यंत सगळं नवं केलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, त्यातली गत. पण डॉक्टरांची हौस जरा जगावेगळी होती. घरात कुठलीही वस्तू दिसता कामा नये! फ्रिज लाकडाच्या फळीमागे, दिव्यांची बटणं भिंतीच्या पोटात, आणि दारांना ना कडी, ना मूठ, ना दांडी. भिंत आणि दार एकाच लाकडाचं. नेमक्या जागी दाबलं की उघडायचं, नाहीतर बसा चाचपडत. डॉक्टरांच्या बायकोनं घर पाहिलं, "सुंदर आहे," म्हणाली, "पण मी इथे राहायला येणार नाही." म्हणून ते विकायला निघालं. त्यातही डॉक्टरांची अट होती की घेणाऱ्यानं आत खिळासुद्धा ठोकायचा नाही.

लोक यायचे, तोंडात बोट घालायचे आणि परत फिरकायचे नाहीत. एक गृहस्थ तर निरोप घेऊन मोठ्या रुबाबात निघाले ते थेट झाडूच्या कपाटात शिरले, आणि लाजेकाजेस्तव बराच वेळ आतच उभे राहिले.

त्या सकाळी आलं ते खोकीवाल्यांचं कुटुंब. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा त्यांचा कारखाना जोरात चालला होता, पण सगळे अजून कारखान्याच्या वरच्याच जुन्या घरात राहत होते. खोकीवाले, त्यांची बायको, दोन मुली, एक काका आणि आई. आज मुली शाळेत आणि काका कारखान्यात, म्हणून तिघंच आले होते. पैसा आला, पण घर बदलायचा विषय निघाला की आई "मला इथे बरंय" म्हणायच्या, आणि विषय तिथेच मिटायचा. आजही त्या आल्या होत्या ते "बघायला काय जातंय" म्हणून. सूनबाईंनी मात्र आल्याआल्या चावीताईंचा हात दाबून कानात सांगितलं, "ताई, यांना पटलं तर आमचं सगळ्यांचं भलं होईल हो."

चावीताईंनी दिवाणखाना दाखवला. काचेच्या भिंतीपलीकडे सगळं शहर पायाशी पसरलेलं. सूनबाई हरखल्या. खोकीवाल्यांनी सवयीनं प्रत्येक भिंतीवर टकटक करून पाहिलं. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की आई कुठे दिसत नाहीत.

"आई!" खोकीवाल्यांनी हाक मारली.

"काय रे!" भिंतीतून आवाज आला.

सगळे भिंतीकडे बघत राहिले. जरा टेकायला म्हणून आईंनी भिंतीला हात लावला होता. ती भिंत नव्हती, मोठ्या न्हाणीघराचं दार होतं. ते उघडलं, आई आत गेल्या, दार मागे मिटलं, आणि आत कुठेतरी हात लागून कुलूपही बसलं. बाहेरून दाबून काही उपयोग नव्हता.

चावीताईंनी डॉक्टरांना फोन लावला.

"मी आत्ता पेशंटच्या तोंडात आहे," डॉक्टर म्हणाले. "घाबरू नका. आरशाखाली डाव्या हाताला तळहात टेकवायला सांगा."

"काकू, आरशाखाली डाव्या हाताला तळहात टेकवा!" चावीताई दाराला तोंड लावून ओरडल्या.

"टेकवला. निळा दिवा लागला."

"अजून थोडा खाली!"

"आता कुणीतरी बासरी वाजवायला लागलं."

"अजून खाली, काकू!"

आतून धबधब्यासारखा आवाज आला. मग आईंचा. "अगं, टबात पाणी यायला लागलं! चांगलं कढत आहे!"

"ते बंद करायला..." चावीताईंनी फोन पुन्हा कानाला लावला, पण डॉक्टर पेशंटला चूळ भरायला सांगत होते. "हातातलं काम संपवून येतोच," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

पाण्याचा आवाज आपोआप थांबला. आत शांतता पसरली. खोकीवाले कावरेबावरे झाले. "आई, ठीक आहेस ना? घाबरली नाहीस ना?"

"मी कशाला घाबरू? टब भरलाय काठोकाठ. एवढं पाणी वाया घालवायचं म्हणजे काय! आता आलेच आहे तर अंघोळ करून घेते."

"सकाळी झाली ना तुमची अंघोळ?" सूनबाई म्हणाल्या.

"तिला काय अंघोळ म्हणतात होय?" आई म्हणाल्या, आणि कुणीतरी पाण्यात उतरल्याचा चुबुक आवाज झाला.

आता काय करायचं? दाराबाहेर ताटकळत उभं राहण्यात अर्थ नव्हता. चावीताईंनी सगळ्यांना स्वयंपाकघरात नेलं. चहा करू म्हटलं तर किटली कुठे आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग खोकीवाल्यांनी फळ्यांवर टकटक सुरू केली. "इथे पोकळ आहे... इथे भरीव... ही बघा किटली!" कप सापडले, साखर सापडली नाही, तर सूनबाईंच्या पर्समध्ये मुलींसाठी ठेवलेल्या गोळ्या निघाल्या. एकेक गोळी चहात टाकून तिघं दिवाणखान्यात येऊन ढवळत बसले. लिंबाच्या चवीचा चहा कुणालाच आवडला नाही, पण हसून हसून पुरेवाट झाली. विकायला काढल्यापासून आठ महिन्यांत त्या घरात चहाचं आधण पहिल्यांदाच चढलं होतं. चावीताईंनी चपला काढून पाय सोफ्यावर कधी घेतले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

मध्येच सूनबाई दारापाशी गेल्या. "आई, काही हवंय का?"

"काही नको गं." आईंचा आवाज वेगळाच लागला, सैल, सुखावलेला. "एक सांगू? मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासून अंघोळीला बसले की दारावर थाप पडलीच म्हणून समज. आधी सासरे, मग दीर, मग पोरं. 'झालं का? झालं का?' आज कुणी दार वाजवत नाहीये बघ."

सूनबाई परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओलावले होते. "रोज सकाळी मीच वाजवते हो दार," त्या हळूच म्हणाल्या. "मुलींना शाळेला उशीर होतो म्हणून."

खोकीवाल्यांनी कप उगाचच पुन्हा ढवळला.

इतक्यात डॉक्टर आले, पांढऱ्या कोटातच. त्यांच्या लाडक्या दगडी ओट्यावर चहाचे गोल डाग पाहून त्यांच्या काळजात चर्र झालं असावं, पण ते तडक न्हाणीघराकडे गेले.

"आजी, मी डॉक्टर. आता सांगतो तसं करा."

"दार उघडायचं कळलंय मला," आतून आई म्हणाल्या. "मघाशीच उघडलं. डोकावून पाहिलं तर तुम्ही सगळे खिदळत होता. म्हटलं, चाललंय बरं, आपण कशाला मोडता घाला? पुन्हा लावून घेतलं."

"मग बाहेर या ना!"

"येते. आधी एक सांगा, या दारांना दांड्या का नाहीत?"

डॉक्टरांनी कोट सारखा केला. "आजी, दांडीनं भिंतीचं सौंदर्य जातं. नजर अडकते."

"डॉक्टर, माणसाचं तोंड कितीही सुंदर असलं, तरी ते उघडतं कुठून हेच कळलं नाही, तर तुम्ही दात कसा काढणार?"

चावीताईंनी ओठ घट्ट आवळले. खोकीवाल्यांना राहवलं नाही. "आम्ही तर साध्या खोक्यावरसुद्धा 'येथे उघडा' असं छापतो हो," ते म्हणाले.

डॉक्टर एकदा दाराकडे, एकदा या मंडळींकडे बघत राहिले. सोफ्यावरच्या उशा विस्कटल्या होत्या. सूनबाईंची ओढणी खुर्चीवर टाकलेली होती. "माझी बायकोही हेच म्हणाली होती," ते शेवटी म्हणाले. "तिला रात्री पाणी प्यायला उठायची भीती वाटत होती. म्हणे, स्वयंपाकघर सापडेपर्यंत उजाडायचं." आणि मग ते स्वतःच हसायला लागले. आधी दबकत, मग खो खो. "लावा दांड्या. खिळेही ठोका. हवे तेवढे ठोका!"

दार उघडलं. आई बाहेर आल्या त्या शोभेला ठेवलेला जाड पांढरा पंचा डोक्याला गुंडाळून, गाल लालबुंद, चेहरा कसा टवटवीत. मुलाकडे पाहून म्हणाल्या, "घे रे हे घर. पण त्या न्हाणीघरात सकाळचा पहिला नंबर माझा."

"आई, इथे तीन न्हाणीघरं आहेत," सूनबाई म्हणाल्या.

"तीन?" आई मटकन सोफ्यावर बसल्या. "मग उरलेली दोन अजून दाखवली का नाहीत?"

सौदा त्याच आठवड्यात ठरला. दांड्या निवडायला डॉक्टर स्वतः बाजारात गेले, आणि पितळी की लाकडी यावरून त्यांनी खोकीवाल्यांना इतके फोन केले, की शेवटी बिचाऱ्यांनी फोन आईंकडे सोपवला. कुटुंब राहायला आलं, आणि चावीताईंच्या जुडग्यातली एक चावी कमी झाली.

महिन्याभरानं आईंचा फोन आला.

"अगं, आमच्या खालचा फ्लॅट विकायचाय म्हणे. खरं का?"

"हो काकू. का? कुणाला हवाय?"

"माझ्या मैत्रिणीला. शाळेपासूनची आहे. उद्या घेऊन येते दाखवायला. पण ऐक, ती भारी किरकिरी आहे, सगळ्यात खोड काढते. तू काही बोलू नकोस. फक्त किल्ली दे आणि चहाचं बघ. बाकीचं माझ्यावर सोपव."