मालनताईचा जबडा

मालनताईचा जबडा दोन बोटांपेक्षा जास्त उघडला की निसटायचा. मग उघडा तो उघडाच. कल्याणच्या डॉक्टरांनी बाबांना रीतसर शिकवलं होतं: अंगठ्यांना फडकं गुंडाळायचं, खालच्या दाढांवर ठेवायचे, खाली दाबून मागे ढकलायचं. "फडकं विसरू नका. जबडा बसताक्षणी गालांतले चावायचे स्नायू खटकन मिटतात. लगेच सुटतात म्हणा, पण तेवढ्यात अंगठा जातो."

म्हणून सत्याऐंशी सालच्या त्या रविवारी डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत नियम ठरला. ताईनं हसायचं नाही, पोहे दाणा दाणा खायचे. ताई तिशीला टेकलेली, स्थळ सहावं.

"हे मोडलं तर मी विहीर जवळ करीन," आई म्हणाली.

"विहिरी बुजवल्या सगळ्या," बाबा म्हणाले.

मुलगा सुधीर, मानपाड्याला रंगाच्या कारखान्यात. सोबत त्याची आई आणि धोंडिबामामा. सगळं सुरळीत चाललेलं. मग सुधीरच्या आईनं गाणं म्हणायला सांगितलं. ताईनं बारीक तोंडानं सुरुवात केली.

"मोकळा आवाज लाव गं, आम्ही काय खातो का तुला?"

ताईनं वरचा सा लावला. सा संपला, तोंड मिटेना.

मला वाटलं, आता उठून जातील. धोंडिबामामांनी चष्मा लावला.

"अनायासे उघडलंय तर बघून घेऊ. अक्का, दोन दाढा भरलेल्या. एक गायब."

"कुठली रे?"

"अक्कलदाढ."

सुधीर मांडीवर थाप मारून हसला. ताईच्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून लाळ, दोन्ही नव्या साडीवर.

"अशी सून बरी," सुधीरची आई म्हणाली. "उलट उत्तर नाही."

बाबा फडकं शोधायला आत गेले.

"फडकं कशाला? गावी बैलांचे जबडे बसवलेत मी!" मामांनी दोन्ही अंगठे ताईच्या तोंडात घातले. खाली, मग मागे. खट.

मामा असे ओरडले की खालच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झाला.

"स्नायूंचा झटका आहे," बाबा फडकं घेऊन धावत आले. "सुटेल."

झटका क्षणाचा असतो हे आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. ताईच्या कानाखाली दोन्ही गाल टणक फुगलेले. डोळे आता कोरडे, सुधीरवर रोखलेले. तो हसायचा थांबला होता.

"अहो, सोडायला सांगा हिला!" सुधीरची आई किंचाळली.

आईनं ताईकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सुधीरची बशी त्याच्यापुढे सरकवली.

"तुम्ही पोहे घ्या हो," ती म्हणाली. "हिचं खाणं सावकाश असतं."